चोरून आवडणारी गाणी

नमस्कार मंडळी, कसे आहात सगळे? आज मला अशा गाण्यांबद्दल बोलायचंय जी आपण रोज ऐकतो पण कोणी विचारलं की भलतंच काहीतरी भारी नाव सांगतो. गिल्टी प्लेजर म्हणतात याला. आमच्या घरी याला नाव नव्हतं पण प्रकार होता.

माझी आई ठाण्यात नौपाड्याला घरीच पेटी शिकवते, तीस वर्षं झाली. घरात कायम राग, नाट्यपदं, अभंग. मागे दहीहंडीच्या आदल्या दिवशी मी ऑफिसमधून लवकर आले, दार नुसतं लोटलेलं होतं, आत आई पेपर पसरून मेथी निवडत बसलेली आणि चक्क 'कोंबडी पळाली' गुणगुणत होती, आणि देठ मोडत होती तेही बरोबर ठेक्यात, समेवर तुकडा पडेल असं. मला बघितलं आणि गप्प. हातसुद्धा थांबला. म्हणाली, "अगं काही नाही, नाक्यावर स्पीकर टेस्टिंग चाललंय ना सकाळपासून, बसलं डोक्यात."

तो थांबलेला हात काही माझ्या डोळ्यांसमोरून जाईना, कारण मी पण तेच करते. सकाळी ट्रान्स हार्बरने ऐरोलीला जाताना कानात नव्वदच्या दशकातला इंडीपॉप, म्हणजे सिनेमाबाहेरची पॉप गाणी, चालू असतो आणि शेजारी कोणी येऊन बसलं की फोनची स्क्रीन मी तळहाताकडे वळवते. कोणाला काय पडलंय मी काय ऐकते त्याचं, तरी वळवते.

ही लाज येते कुठून? आपल्याकडे तर ती एकेकाळी सरकारीच होती हो. १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले, आपले मराठी माणूस, शास्त्रीय संगीतावर मनापासून प्रेम, आणि त्यांना वाटायचं फिल्मी गाण्यांनी लोकांचा कान बिघडतोय. मग आकाशवाणीवरून हिंदी फिल्मगाणी जवळजवळ गायबच झाली. लोकांनी काय केलं, काटा फिरवला आणि श्रीलंकेतलं रेडिओ सिलोन लावलं. बुधवारी रात्री अमीन सायानींची बिनाका गीतमाला लागली की चाळीत ज्याच्या घरी रेडिओ त्याच्या दारात गर्दी. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला आकाशवाणीचीच विविध भारती सुरू झाली आणि गाणी घरी परत आली. केसकरांनी शास्त्रीय संगीतासाठी खूप केलं, ते मी मानतेच, पण आवडीला परवानगी लागत नाही ना. आणि आईला मी सांगितलं तेव्हा तिला खरं वाटेना, तुझ्या या पेटीला पण १९४० पासून १९७१ पर्यंत रेडिओवर बंदी होती! म्हणे हिच्यातून मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अलगद सरकणं, निघत नाही, हे वाद्य आपल्या गाण्याला चालणारच नाही.

आता गंमत बघा. 'जोगवा'मधलं 'जीव रंगला' आपण छाती पुढे काढून आवडतं म्हणतो, राष्ट्रीय पुरस्कार मिळालेलं गाणं आहे. संगीत अजय-अतुल. 'कोंबडी' पण त्यांचीच, आनंद शिंदे आणि वैशाली सामंतने गायलेली. तीच चाल पुढे २०१२ च्या 'अग्निपथ'मध्ये 'चिकनी चमेली' झाली आणि ती गायली कोणी, तर श्रेया घोषालने, जिने 'जीव रंगला' गायलंय तिनेच. गळा तोच, संगीतकार तेच, मेहनत तेवढीच. मग एक गाणं दिवाणखान्यात आणि दुसरं फक्त मंडपात, असं का म्हणून?

माझ्या इंडीपॉपचंही तेच. दलेर मेहंदींना लोक म्हणायचे व्हिडिओत सुंदर मुली नाचतात म्हणून याची गाणी चालतात. १९९८ मध्ये 'तुनक तुनक तुन' आलं, त्यात एकही मुलगी नाही, चार वेगवेगळ्या वेशांत चार दलेर मेहंदी, आणि पंजाबीचा एक शब्द न कळणारी माणसं जगभर त्यावर नाचली. मला तर ते गाणं लागलं की ऐरोलीच्या खाडीवरचा वारा अंगावर आल्यासारखं वाटतं, कितीही वाईट दिवस गेलेला असू दे.

हे सगळं मी आईशी बोलले, एका रविवारी, चहा घेताना. ती काही बोलली नाही. कप ठेवला, पेटी पुढे ओढली, भाता उघडला आणि 'कोंबडी'ची चाल शोधायला लागली. दोनदा चुकली, मग काळी दोनवरून धरली आणि अशी सापडली की काय सांगू! म्हणाली, "ही जागा बघ, इथे आनंद शिंदे आवाज कसा फेकतो, हे शिकवून येत नाही." परत वाजवलं, आता डोळे मिटून.

तेवढ्यात बेल वाजली, साडेपाचच्या बॅचची मुलं. आईने भाता सोडला नाही. मानेनेच मला म्हणाली, दार उघड.