ठाण्याहून अमृतसर : सीमेलगतच्या शहराची वाट

चौथे शीख गुरू रामदास यांनी १५७७ मध्ये वसवलेले अमृतसर आज पाकिस्तानच्या सीमेपासून सुमारे तीस किलोमीटरवर आहे, आणि मुंबईहून तिथे जायचे तर रेल्वेने जवळपास १,९०० किलोमीटरचा पल्ला गाठावा लागतो. ठाणे किंवा नवी मुंबईतून निघणाऱ्या प्रवाशापुढे पहिला प्रश्न असतो तो मध्य रेल्वेने जायचे की पश्चिम रेल्वेने, हा.

मध्य रेल्वेची मुंबई–अमृतसर एक्स्प्रेस, जिला जुने प्रवासी अजूनही 'दादर–अमृतसर' म्हणतात, ठाण्याला आणि कल्याणला थांबते. नाशिक, भुसावळ, भोपाळ, झाशी, आग्रा अशी मजल दरमजल करत ती उत्तरेकडे जाते. तिला वेळ बराच लागतो, हे खरे. तरीही घरातली वयस्क मंडळी आणि भरपूर सामान बरोबर असेल, तर आपल्याच स्थानकावर गाडीत बसता येणे ही सोय आम्हाला त्या जादा तासांपेक्षा मोलाची वाटते. वाशी, नेरूळकडच्या लोकांनाही ट्रान्स-हार्बर लोकलने थेट ठाणे गाठता येते.

पश्चिम रेल्वेच्या गोल्डन टेंपल मेल आणि पश्चिम एक्स्प्रेस या गाड्या तुलनेने लवकर पोहोचवतात; मात्र त्यासाठी बोरिवली गाठावी लागते, आणि घोडबंदर रस्त्यावरची वाहतूक ज्यांनी अनुभवली आहे त्यांना हाताशी भरपूर वेळ ठेवून निघा, हे वेगळे सांगायला नको. या दोन गाड्यांपैकी गोल्डन टेंपल मेलला मोठा इतिहास आहे. १ सप्टेंबर १९२८ रोजी ती 'फ्रंटियर मेल' या नावाने सुरू झाली, तेव्हा ती मुंबईहून थेट पेशावरपर्यंत धावत असे आणि विलायतेहून बोटीने आलेली टपाल बॅलार्ड पियरवरून उत्तरेकडे नेत असे. अमृतसर हे त्या काळी तिच्या वाटेवरचे एक स्थानक होते. त्यापुढे लाहोर, रावळपिंडी यायचे. १९४७ च्या फाळणीने तो मार्ग तोडला, अमृतसर हे शेवटचे स्थानक झाले, आणि १९९६ मध्ये गाडीचे नावही बदलले.

तिसरी वाट मनमाडहून जाते. हुजूर साहिबच्या नांदेडला अमृतसरशी जोडणारी सचखंड एक्स्प्रेस मनमाडला थांबते. वाटेतल्या काही स्थानकांवर सेवेकरी बादल्यांतून डाळ, भात, भाजी घेऊन फलाटावर उभे असतात. खिडकीच्या गजांतून स्टीलची ताटे, डबे पुढे येतात आणि जनरल डब्यापासून वातानुकूलित डब्यापर्यंत कोणालाही पैसे न घेता वाढले जाते. या गाडीने जाणाऱ्याने आपले ताट बरोबर न्यावे.

दिल्लीत मुक्काम करायचा असेल, तर कल्याणहून राजधानी एक्स्प्रेसने दिल्लीला आणि तिथून शताब्दी किंवा वंदे भारतने अमृतसरला जाता येते. डिसेंबर-जानेवारीत मात्र पंजाब-हरियाणातल्या धुक्यामुळे गाड्या तासन्‌तास रखडतात, म्हणून त्या दिवसांत दोन गाड्यांच्या मध्ये एक रात्र मोकळी ठेवावी. आरक्षण आता ६० दिवस आधी खुले होते. विमानाने जाणाऱ्यांसाठी राजासांसीचा विमानतळ शहरापासून सुमारे अकरा किलोमीटरवर आहे.

अमृतसर स्थानकाबाहेरून हरमंदिर साहिबला, म्हणजे सुवर्णमंदिराला, जाण्यासाठी भाविकांच्या मोफत बस मिळतात. तिथून जालियनवाला बाग चालत गाठता येते, आणि जुन्या टाउन हॉलमधले फाळणीचे संग्रहालयही. सीमेवरच्या अटारीला जाणारी वाहने दुपारनंतर निघतात. सीमेवरचा ध्वज उतरवण्याचा समारंभ सूर्यास्ताच्या सुमारास होतो, त्यामुळे ओळखपत्र घेऊन लवकर पोहोचणे श्रेयस्कर, आणि सीमेवरची परिस्थिती पाहून समारंभाचे स्वरूप बदलते, हेही निघण्यापूर्वी विचारून घ्यावे.

मराठी प्रवाशाने एक दिवस घुमानसाठी राखावा, असा आमचा आग्रह आहे. संत नामदेवांनी पंजाबात जिथे दीर्घकाळ वास्तव्य केले, ते हे गुरदासपूर जिल्ह्यातले गाव. त्यांची ६१ पदे गुरू ग्रंथ साहिबात आहेत, आणि २०१५ मध्ये ८८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच गावी भरले होते. अमृतसरहून सकाळी मोटारीने निघाल्यास दर्शन घेऊन संध्याकाळपर्यंत परतता येते.