चोर्ला घाटातलं गुऱ्हाळ

श्रोतेहो, नमस्कार. मागच्या मे महिन्यात गोव्याहून चोर्ला घाट चढत होतो. एसी सुरू, मागं पाहुणे. एका वळणावर गोडसर वास आला. आमची ही म्हणाली, "गुऱ्हाळ लागलंय की काय कुठं?" चोर्ल्याच्या जंगलात कसलं गुऱ्हाळ! तेवढ्यात टेम्परेचरचा काटा तांबड्याला टेकला.

गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केलं. रेडिएटरच्या टोपणाला हात लावला नाही. आतलं पाणी दाबाखाली असतं, म्हणून १०० अंशांच्या वर जाऊनही ते उकळत नाही. टोपण सैल केलं की दाब सुटतो आणि सगळं उसळून तोंडावर येतं. पाऊण तास पाहुणे माकडं बघत बसले.

चूक माझीच. तो गोड वास कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या रंगीत पाण्याचा. दोन महिने टाकीतलं हे कूलंट उतरत होतं आणि 'उन्हाळा आहे' म्हणत मी वर बोअरचं पाणी ओतत होतो. बंद सर्किट आहे हो ते, उन्हानं आटेल कसं? शिवाय बोअरच्या पाण्याचे क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतात, ते वेगळंच.

बेळगावला आल्यावर रात्री गाडीखाली पुठ्ठा टाकला. एसीचं असेल तर नुसतं पाणी पडतं. कूलंट रंगीत आणि चिकट. सकाळी पुठ्ठा कोरडा! थंड इंजिनात दाब नसतो, मग गळेल कशानं? एका गॅरेजनं तर 'रेडिएटरच बदला' सांगितलं. दुसऱ्या फिटरनं टोपणाच्या जागी हातपंप लावून दाब दिला, टॉर्च मारला आणि मला वाकायला लावलं. कूलंट फिरवणाऱ्या वॉटर पंपाच्या खालच्या बारीक भोकातून थेंब येत होता, भोवती गुलाबी ओघळ टूथपेस्टसारखा वाळलेला. आतलं सील गेलं की कळावं म्हणूनच ते भोक ठेवलेलं असतं. एम-सील लावून बुजवू नका, पंप बदला.

ओघळ कुठंच नाही, तरी पातळी उतरते, सायलेन्सरातून गोड वासाचा पांढरा धूर येतो आणि ऑइल दुधाळ झालंय, तर हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधल्या पातळ सीलचा संशय घ्या. मग गाडी चालवत नव्हे, ओढून न्या.

फिटरनं काढलेलं जुनं कूलंट घमेल्यात होतं. गल्लीतलं कुत्रं लगेच हुंगायला आलं. गोड लागतं ना, पण विष आहे ते! आम्ही घमेल्यावर शहाबादी फरशीच ठेवली.