पोरीची तारीख आहे

सकाळचे साडेदहा. जिल्हा कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर एक आई बसलीये, शेजारी नऊ-दहा वर्षांची पोरगी. चेहरा आम्ही दाखवणार नाही, नावही नाही, पॉक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या, केसमध्ये ते चालतच नाही. पुकारा अजून व्हायचाय. आई तिच्या कानात सांगतेय, "साहेबांनी विचारलं की असंच सांगायचं हां."

मायेनंच सांगतेय, पण घोळ इथंच होतो. समोरच्या वकिलाला नेमकं हेच हवं असतं, की पोरीला पढवलंय. "आईनं काय सांगायला सांगितलं?" एवढंच विचारलं जातं आणि पोरं खरं सांगून टाकतात.

मग तयारी करायचीच नाही का? करायची की, पण उत्तरांची नाही, कोर्टाची. जज कुठं बसतात, टाइप कोण करतं, बाथरूम कुठंय, मध्येच पाणी मागता येतं, ब्रेक मागता येतो. 12 वर्षांखालच्या पोराला शपथ द्यायलाच हवी असं नाही, आधी जज शाळेचं, मैत्रिणींचं, खरं-खोट्याचं विचारून बघतात, तेही सांगून ठेवा. आणि "आठवत नाही", "प्रश्न कळला नाही" हीसुद्धा उत्तरंच आहेत, हे तर दहादा सांगा. आपली मराठी कशी बघा ना, "तू तिथं नव्हतीस ना?" यावर पोरगी "हो" म्हणाली, तर ती होती की नव्हती? मोठी माणसंसुद्धा इथं फसतात.

2012 चा हा पॉक्सो कायदा तसा पोरांच्या बाजूनं आहे. वकिलानं प्रश्न जजकडे द्यायचा, पोराला जजच विचारणार. साक्ष चालू असताना आरोपी समोर दिसता कामा नये, मग पडदा लावा नाहीतर व्हिडिओवर घ्या. विश्वासातलं एक माणूस जवळ बसू शकतं. बालकल्याण समितीकडून सपोर्ट पर्सन, म्हणजे केसमध्ये पोराला साथ देणारं माणूस, मिळतो, किती आईबापांना हे कुणी सांगतच नाही, म्हणून स्वतःहून मागा. 2022 ला महाराष्ट्रातल्याच एका केसमध्ये सुप्रीम कोर्टानं अशा साक्षीदारांसाठी वेगळ्या खोल्या उभारायला सांगितलं. कोर्टानं केस हातात घेतल्यापासून 30 दिवसांत पोराची साक्ष व्हावी असंही कायद्यात आहे, पण या व्हरांड्यात तारखेवर तारीख पडते आणि तेवढ्यात पोरगी एक इयत्ता वर जाते.

पुकारा झाला. आई उठली.

साक्ष आटोपून पोर बाहेर आलं की "काय काय विचारलं?" असं लगेच सुरू करू नका. भूक लागलीये का ते विचारा. बहुतेक वेळा लागलेली असते, सकाळी भीतीनं काही खाल्लेलंच नसतं.