सव्वापाचची व्हिस्की

श्रोतेहो, नमस्कार.

मूकपटाबद्दल रेडिओवर बोलायचं म्हणजे पंचाईतच. त्या पडद्याला आवाज नव्हता आणि आपल्याकडे पडदा नाही! पण व्हिक्टर शोस्त्रमबद्दल बोलायलाच हवं. स्वीडनचा हा नट, दिग्दर्शक आणि पटकथाकार. जन्म १८७९चा. लहानपणीची काही वर्षं न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये गेली. सातव्या वर्षी आई गेली आणि पोर मायदेशी नातेवाइकांकडे आलं. पुढे फिरत्या नाटकमंडळीत आणि १९१२पासून सिनेमात.

सेल्मा लागरलॉफ या नोबेलविजेत्या लेखिकेच्या कादंबरीवर त्याने आठ दिवसांत पटकथा लिहिली आणि त्यांना दोन तास वाचून दाखवली. बाई बरं-वाईट काही बोलल्या नाहीत, जेवायचा आग्रह तेवढा केला. ‘द फँटम कॅरेज’ हा तो चित्रपट १९२१च्या एक जानेवारीला लागला. गोष्टही वर्षअखेरीचीच: त्या रात्री बाराच्या ठोक्याला जो मरेल, त्याने वर्षभर मृत्यूची गाडी हाकायची. दारुडा नायक शोस्त्रम स्वतःच. एकाच फिल्मवर पुन्हापुन्हा चित्रण करून कॅमेरामन येन्सॉनने ती गाडी आरपार दिसेल अशी केली. हाताने फिरवायचा कॅमेरा, दर वेळी गती तीच ठेवायची. मनगटाचंच काम ते!

मग हॉलिवूड. तिथे त्याचं नाव ‘सीस्ट्रॉम’ झालं. १९२८च्या ‘द विंड’साठी मोहावीच्या वाळवंटात विमानांचे आठ पंखे लावून त्याने नायिका लिलियन गिशवर वादळ सोडलं. बोलपट आले आणि हा गडी घरी परतला.

१९४५च्या सुमारास इंगमार बर्गमन नावाचा तरुण दिग्दर्शक पहिल्या चित्रपटात सगळ्यांशी भांडत होता. म्हातारा शोस्त्रम त्याची मानगूट धरून स्टुडिओबाहेर फेऱ्या मारायचा. साधं ठेव, नटांना समोरून टिप, भांडू नकोस, असं सांगायचा.

१९५७मध्ये त्याच बर्गमनने अठ्ठ्याहत्तरीच्या शोस्त्रमला ‘वाइल्ड स्ट्रॉबेरीज’चा नायक केलं. त्यातल्या स्वप्नात शवपेटीची गाडी येते, चाक निखळतं. गाडी ओळखीची वाटते ना?

म्हातारबुवांची अट एकच, सव्वापाचला घरी व्हिस्की हवी. पण शेवटच्या दृश्याला कलत्या उन्हाची गरज, म्हणजे वेळ टळणार. स्वारी भडकली. शेवटी धुसफुसतच बीबी अँडरसन या तरुण नटीसोबत गवतातून चालू लागली. कॅमेरा सुरू झाला आणि तो रागीट चेहरा एकदम मऊ, उजळ झाला. दूर पाण्याकाठी आईवडील दिसताहेत, असं ते दृश्य होतं.