गैर: मेवाडच्या भिल्लांचा तलवारीचा नाच

(दृश्य: मोकळे मैदान, वरून)

मेवाडच्या जुन्या राजचिन्हावर एका बाजूला राजपूत उभा आहे, दुसऱ्या बाजूला धनुष्य घेतलेला भिल्ल. तिरकमठा ही भिल्लाची जुनी ओळख. पण फाल्गुनात, होळीच्या दिवसांत मेवाडच्या डोंगरपट्ट्यात गैर सुरू झाली, की त्याच हातांत काठी येते आणि काही ठिकाणी तलवार.

मधोमध ढोल, काशाची थाळी आणि बांकिया, म्हणजे पितळेचे वाकडे, तुतारीच्या जातीचे वाद्य. भोवती दोन रिंगणे, एकमेकांच्या उलट दिशेने फिरणारी. ढोलाच्या ठोक्यावर अर्धी गिरकी, समोरच्याच्या शस्त्रावर टोला, पुन्हा अर्धी गिरकी. तोवर समोर दुसराच गडी आलेला असतो.

(दृश्य: पाय, जवळून)

तलवारीच्या आधी पायांकडे पाहा. दोन रिंगणांत दीड मीटर अंतर असेल, तर बाहेरचा गडी प्रत्येक फेरीला आतल्यापेक्षा साडेनऊ मीटरच्या आसपास जास्त चालतो. रिंगण लहान असो वा मोठे, हा फरक तेवढाच राहतो. लय सावकाश असते तोवर तो झाकला जातो. ढोल चढला की बाहेरचे मागे पडतात, टोला हवेत जातो, आणि तो साधण्यासाठी गडी आत सरकतो. एक सरकला की शेजारीही सरकतो. रिंगण आवळते आणि पात्यांना जागा उरत नाही. अपघाताची भीती सर्वांत जास्त इथेच असते. म्हणून बाहेर लांब ढांगेचे, दमदार गडी हवेत.

जागेचा हिशेब आधीच करावा. बाहेरच्या रिंगणात 20 जण आणि प्रत्येकाला 2 मीटर धरले, तर परीघ 40 मीटर होतो, म्हणजे नुसत्या रिंगणालाच जवळपास 13 मीटर रुंदी लागते. प्रेक्षकांनी त्याच्याही बरेच मागे उभे राहायचे.

(दृश्य: तलवारीची मूठ)

आपल्याकडच्या तलवारीचे पाते साधारण 75 ते 80 सेंटीमीटर, किंचित वाकडे. मुठीच्या टोकाला गोल वाटी असते. मनगट फार वळवले की ती हाताला रुतते, त्यामुळे फेक कोपर आणि खांद्यातूनच घ्यावी लागते. टोला पात्याच्या सपाट अंगावर घ्यायचा. धारेवर धार आदळली की पात्याला दाते पडतात. डाव्या हातात म्यान असते, ते अंगाजवळ ठेवायचे. लोंबत राहिले तर मागच्याच्या पायात येते.

नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्यातल्या काठी या गावच्या होळीतही भिल्ल रात्रभर नाचतात. तिथे मोरपिसांचे उंच टोप, कमरेला घुंगरू आणि वाळलेले दुधी भोपळे. साज वेगळा, पण होळी आणि ढोल दोन्हीकडे आहेत.

नाचाआधीची एक तपासणी कधीच टाळू नये. जुन्या तलवारींचे पाते मुठीत लाख-राळेने बसवलेले असते. टोल्यांनी ती तडकते, उन्हाने मऊ पडते. मूठ घट्ट धरून पाते हलवून पाहा. जराशी कटकट ऐकू आली, तरी ती तलवार बाजूला ठेवा आणि त्या गड्याला गोंदणीची काठी द्या. ठेका तोच राहतो.