कोंबड्यांच्या दाण्याला कोण कोण येतं

नमस्कार श्रोतेहो. मुंबईत कोंबड्या पाळणारी घरं अजून आहेत, हे विसाव्या मजल्यावर राहणाऱ्यांना चटकन पटत नाही. पण आरेतल्या पाड्यांवर, गोराई-मनोरीच्या वाड्यांमध्ये, मढच्या कोळीवाड्यात पहाटे आजही कोंबडा आरवतो. या गावठी कोंबड्या दिवसभर मोकळ्या हिंडतात आणि हिंडताना त्यांची मोकळ्या पाखरांशी गाठ पडते. आज त्याच गाठीभेटींबद्दल बोलू.

कोंबडी पाला उकरायला लागली, की थोडं थांबून बघा. दोन हातांवर साळुंकी असतेच. कोंबडीच्या पायाखालून निघालेला किडा कोंबडीच्या आधी उचलायचा, एवढंच तिचं काम. कुंपणाच्या तारेवर कोतवाल बसलेला असतो. नाकतोडा उडाला रे उडाला, की हा हवेतच त्याला टिपतो आणि परत तारेवर येऊन बसतो. सातभाईंचं मात्र जमत नाही. पाला उलटून किडे शोधणं हा त्यांचाही धंदा, त्यामुळे एकाच झाडाखाली दोन दुकानं लागल्यासारखी कटकट चालते. कोंबडी एकदा चोच उगारते, सातभाई कलकलाट करत चार पावलं मागं जातात आणि पुन्हा तिथंच येतात. चिमण्या येतात त्या कणी टिपायला, आणि विणीच्या दिवसांत खुराड्याजवळची मऊ पिसं उचलून न्यायला. घरट्याला अस्तर लागतंच ना.

आता घार. मुंबईच्या आकाशात घारींना तोटा नाही. खाली पिलं असलेली कोंबडी असेल, तर तिची मान एका बाजूला कलते. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे वर बघायचं तर एक डोळा आकाशाकडे लावावा लागतो. मग कोंबडा किंवा कोंबडी एक बारीक, लांब सूर काढते आणि पिलं जिथं असतील तिथं दबतात, नाहीतर आईच्या पंखाखाली शिरतात. मुंगूस किंवा मांजर आलं, तर आवाज अगदी वेगळा, मोठा, कट्‌कट्‌कटाक असा सगळी आळी उठवणारा. आकाशातल्या शत्रूचा इशारा निराळा आणि जमिनीवरच्या शत्रूचा निराळा, हे संशोधकांनीही नोंदवलं आहे. हे रानातलं शहाणपण आहे. आपली कोंबडी मुळात आग्नेय आशियातल्या तांबड्या रानकोंबड्याची वंशज, आणि पायांचा पिवळा रंग बहुधा आपल्याकडच्या राखी रानकोंबड्याकडून आलेला, असं २००८ साली जनुकांच्या अभ्यासातून पुढं आलं.

कोतवालाचं घरटं अंगणातल्या झाडावर असेल, तर तुमचं नशीब. विणीच्या काळात हा एवढासा काळा पक्षी कावळ्याला आणि घारीलाही पार हद्दीबाहेर पिटाळून येतो. म्हणून तर लहान पाखरं त्याच्या शेजारी घरटी बांधतात. भारद्वाजाचं उलटं. सकाळी तो दिसला की आपण शुभ मानतो, आणि हे महाशय अंडी आणि कोवळी पिलं दोन्ही खातात. शकुन घ्या, पण अंडी वेळेवर उचला.

खरा त्रास देतो तो कावळा, आणि त्याला बोलावतो आपणच. सकाळी फडक्यातून कणी, शिळा भात, मासळीची खरकटी असं सगळं अंगणभर फेकलं, की कोंबड्यांच्या आधी कावळे आणि कबुतरं हजर. पोट भरलं तरी कावळा जात नाही, तो अंडं कुठं घातलं जातं ते बघून ठेवतो. रात्री उरलेल्या दाण्याला उंदीर येतात. कबुतरांना दाणे टाकण्यावरून दादरच्या कबुतरखान्याशी २०२५ साली केवढं रण माजलं ते आपण पाहिलं. मूठभर दाण्यांमागं किती पंख येतात, ते तिथं कळतं. म्हणून दाणा छपराखाली, भांड्यात, कोंबड्या तिथल्या तिथं संपवतील एवढाच घाला. खुराड्याला अर्ध्या इंचाची जाळी लावा. नेहमीच्या मोठ्या भोकांच्या जाळीतून कोंबडी बाहेर पडत नाही, पण उंदीर आणि चिमणी आत शिरतात. पिलं थोडी मोठी होईपर्यंत डालग्याखाली, म्हणजे उपड्या टोपलीखाली, ठेवलेली बरी. सगळं अंगणच जाळीनं झाकायला मात्र माझा विरोध आहे. साळुंकी, दयाळ, कोतवाल गेले, तर किडेही तुमचेच आणि पहाराही तुमचाच. उंदरांना विष घालू नका, विष खाल्लेला उंदीर रात्री गव्हाणी घुबड उचलतं आणि तेही मरतं. घार किंवा शिक्रा मारणं हा तर वन्यजीव कायद्याखाली गुन्हाच आहे.

पाण्याचं भांडं ही सगळ्यांत दुर्लक्षित गोष्ट. कबुतर त्यातच पितं, त्यातच विष्ठा टाकतं. मानमोडी, म्हणजे राणीखेत, कबुतरांकडूनही येऊ शकते. भांडं रोज घासा, उंचावर ठेवा आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून लासोटा लस वेळच्या वेळी द्या. कोंबड्यांना होणाऱ्या देवी रोगाची लसही विचारा, कारण तो रोग डासांमार्फत पसरतो आणि पावसाळ्यात डासांची कमतरता आपल्याकडे नाही.

राहिला बर्ड फ्लू. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला तो देशात पहिल्यांदा आढळला, आणि जानेवारी २०२१ मध्ये मुंबईतल्या मेलेल्या कावळ्यांतही सापडला. हा विषाणू पाणपक्ष्यांबरोबर फिरतो, आणि हिवाळ्यात ठाण्याच्या खाडीवर दूरदूरचे पाणपक्षी उतरतात. तेव्हा थंडीच्या महिन्यांत आवारात एकापाठोपाठ कावळे मरून पडलेले दिसले, किंवा आपल्याच दोन-तीन कोंबड्या अचानक गेल्या, तर उघड्या हातानं उचलू नका. बाकीच्या कोंबड्या खुराड्यात कोंडा, मुलांना लांब ठेवा आणि पशुसंवर्धन विभागाला लगेच कळवा. मेलेली कोंबडी शिजवून संपवू, किंवा गुपचूप खाडीत टाकू, असला विचार घरात कुणी बोलून दाखवला, तर त्याला तिथंच गप्प करा.