तीन इंच की आठ इंच?

नमस्कार श्रोतेहो.

गेल्या वर्षी सोफा-कम-बेडसाठी मी नवी गादी आणली. चांगली 8 इंच जाडीची. जाड म्हणजे आरामाची, एवढाच विचार तेव्हा केला होता. लाकडी बैठक जमिनीपासून 14 इंचांवर, त्यावर 8 इंचांची गादी, म्हणजे झाले 22. नेहमीच्या खुर्चीची बैठक असते 17-18 इंचांवर. माझी आई बसली आणि तिचे पाय अधांतरी लोंबकळायला लागले. चार दिवसांत ती परत आपल्या जुन्या खुर्चीवर जाऊन बसली. गादी आणली होती तिच्यासाठीच. ते मनाला फार लागलं, म्हणून आज तुमच्याशी गादीच्या मापाबद्दल बोलायचं आहे.

दुकानात हल्ली ‘फुतोन’ हा शब्द कानावर पडतो. शब्द जपानी. तिथे तातामी म्हणजे गवताच्या जाड चटया अंथरलेल्या खोलीत जमिनीवरच गादी घालतात. ही अंथरायची गादी साधारण 1 मीटर रुंद, 2 मीटर लांब आणि जेमतेम 2 ते 4 इंच जाड. सकाळ झाली की तिची घडी घालून भिंतीतल्या कपाटात ठेवायची, आणि तीच खोली दिवसा बैठकीची. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत वाढलेल्यांना यात नवल वाटणार नाही; आपल्याकडेही सकाळी गाद्यांची चळत लागायचीच. पुढे अमेरिकेत या गादीखाली दुमडणारी लाकडी चौकट आली आणि जाडी 6 ते 8 इंचांवर गेली. नाव एक, पण वस्तू दोन. तेव्हा दुकानदाराने जाडी सांगण्याआधी आपण ठरवावं: गादी जमिनीवर घालायची की चौकटीवर? आणि ती रोज उचलायची का?

रोज उचलायची असेल तर हिशेब सरळ आहे. 3 इंचांच्या गादीची तिहेरी घडी 9 इंच उंच होते, 6 इंचांच्या गादीची 18. तेवढा कप्पा आहे का घरात? शिवाय वजन. कापसाची गादी जाड केली की ती उचलणाऱ्याची कंबर धरते, आणि आपल्या घरांत ती बहुधा कोण उचलतं, हे मी सांगायला नको. जमिनीवरच्या गादीला 3-4 इंच पुरतात. मात्र दुकानात तिच्यावर कुशीवर झोपून पाहा. पाठीवर पडल्यावर सगळ्याच गाद्या बऱ्या वाटतात. कुशीवर वळलं की खांदा आणि कमरेचं हाड खाली टेकतं का, ते लगेच कळतं. अंगाने जड माणसाला त्याच कापसाची इंचभर जाड गादी लागते, किंवा तितकीच जाड पण घट्ट भरलेली. आणि ज्यांना जमिनीवरून उठताना गुडघे साथ देत नाहीत, त्यांनी जमिनीवरच्या गादीच्या वाटेला जाऊ नये.

पातळ गादीचा आणखी एक मोठा गुण म्हणजे ती वाळते. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात जमिनीवर पडून राहिलेली गादी खालून दमट होते, बुरशी धरते. 3 इंचांची गादी उन्हात उलटसुलट टाकली की आतपर्यंत तापते. 8 इंचांची वरून तापते, पोटात गारच राहते.

चौकटीवर घालायची असेल, तर 5 इंचांपेक्षा कमी घेऊ नका, खालच्या पट्ट्या पाठीला लागतात. पण बैठकीची उंची धरून बेरीज करा. आमच्या चौकटीवर 5 इंचांची गादी आली असती, तर आई 19 इंचांवर बसली असती.

आता लांबी. झोपणाऱ्याच्या उंचीत 6 इंच मिळवा. पाच फूट आठ इंचांचा माणूस म्हणजे 68 इंच, त्यात 6 मिळवले की 74. त्याला 72 इंचांची गादी आखूड पडते, 75 किंवा 78 इंचांची हवी. रुंदी एकट्याला 36 इंच ठीक. दोघांसाठी 48 इंचांची घेतात, पण त्यात वाट्याला दोन-दोन फूटच येतात. जागा असेल तर 60 घ्या.

गादी भरून घेणार असाल, तर एक गोष्ट आवर्जून विचारा: खोळ बाजूच्या पट्टीची आहे की नुसती दोन कापडं जोडलेली? पट्टी नसेल, तर कापूस भरल्यावर खोळ फुगते आणि लांबी-रुंदी दोन्हीकडून आत ओढली जाते. सांगितलेली 72 इंचांची गादी घरी येते ती आखूड होऊन. म्हणून माप भरलेल्या गादीचं सांगावं, कापडाचं नव्हे. कापूस वापरून दबतोही, तेव्हा जाडी अर्धा-एक इंच वाढवून सांगितलेली बरी.

आणि पैसे देण्याआधी घरी जमिनीवर त्या मापाची वर्तमानपत्रं जोडून अंथरा. कपाटाचं दार उघडून पाहा. रात्री दिवा न लावता पाणी प्यायला उठल्यासारखं स्वयंपाकघरापर्यंत चालून पाहा. घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसालाही एकदा चालायला सांगा.

नमस्कार.